काळप्पा पत्तार आणि मेक्सिकोचं कडं

सोमवारी मी आईचं कडं दुरुस्तीला दिलं. गुरुवारी काळप्पा पत्तारांनी ते मला परत दिलं. कड्यावर काळं काही उरलं नव्हतं.

त्या आठवड्याआधी मी पत्तारांना ओळखत नव्हते. त्यानंतर जवळजवळ दोन वर्षं, दर शनिवारी दुपारी कॉलेजच्या ग्रंथालयाला कुलूप लावून मी त्यांच्या दुकानाच्या पायरीवर जाऊन बसत होते. आता ते नाहीत. ज्यांनी त्यांना कधी पाहिलं नाही, त्यांच्यासाठी चार गोष्टी लिहून ठेवाव्यात असं गेले काही दिवस मनात आहे. मला भराभर लिहिता येत नाही, आणि ह्या बाबतीत तर अजिबातच नाही.

सोलापूरच्या सराफ बाजाराच्या मागच्या बोळात एका जिन्याखाली त्यांची जागा होती. तिला दुकान म्हणायचं ते सवयीनं. आत एक माणूस मांडी घालून बसेल आणि दुसरा दारातून वाकून बोलेल, एवढंच. ऐरण, शेगडी, फुंकणी, भिंतीला खिळ्यांवर टांगलेले चिमटे, आणि बसायला चार घड्या घातलेलं पोतं. पुढच्या रस्त्यावर काचेची मोठमोठी दुकानं, तिथे थंड हवा आणि खुर्च्या. त्या दुकानांमधली चांदीची मोडतोड मागच्या बोळात पत्तारांकडे यायची आणि दुरुस्त होऊन पुढच्या दारानं जायची. नवीन काम ते एकच करत. लिंगायत लोक इष्टलिंग चांदीच्या डबीत घालून गळ्यात बांधतात, त्या डबीला करडगी म्हणतात. अक्कलकोटपासून मंद्रूपपर्यंत किती गळ्यांत पत्तारांच्या हातची करडगी असेल हे त्यांनाही ठाऊक नव्हतं, कारण ती विकली जायची सराफाच्या नावावर.

कोणतीही वस्तू हातात आली की ते आधी ती उलटी करत. मंगळवेढ्याकडच्या धनगराचा करदोडा असो, कुणाची जोडवी असोत की बाळाचे वाळे, पुढची बाजू ते बघतच नसत. डोळ्याला भिंग लावून पाठ बघायची, नखानं चाचपायची. मी एकदा कारण विचारलं.

“पुढनं बघितलं की वस्तू दिसती बाई,” ते म्हणाले. “मागनं बघितलं की माणूस दिसतो. घाईत हुता का, मालकावर चिडून हुता का, समदं मागं ऱ्हातं.”

मी पहिल्यांदा गेले त्या सोमवारी त्यांनी माझंही कडं असंच उलटं केलं होतं. आम्ही घरात त्याला कडं म्हणत असू, पण ते सात चौकोनी पत्र्यांचं होतं, बिजागऱ्यांनी एकमेकांना जोडलेलं. एक बिजागरी मोडली होती. पत्तारांनी भिंगातून पाहिलं आणि विचारलं, हा मागचा पक्षी कसला, आणि खाली ही अक्षरं काय म्हणतात? मी चष्मा लावून पाहिलं. पंख पसरलेला एक इवलासा गरुड ठसवलेला होता, त्याच्या पोटात आकडा होता, शेजारी कुणाच्या तरी नावाची दोन अक्षरं होती, आणि त्याखाली ‘मेक्सिको’ असं इंग्रजीत होतं. माझं सगळं आयुष्य पुस्तकांच्या पाठी वाचण्यात गेलं. आईच्या कड्याची पाठ मी त्या दिवशी पहिल्यांदा वाचली. आम्ही आजवर त्याला अमेरिकेचं समजत होतो, कारण ते एका अमेरिकन बाईंनी दिलेलं होतं.

माझी आई मिशनच्या दवाखान्यात नर्स होती. तिथल्या मुख्य परिचारिका, ज्यांना सगळे मिससाहेब म्हणत, कायमच्या मायदेशी निघाल्या तेव्हा त्यांनी स्वतःच्या मनगटावरून हे कडं काढून आईच्या मनगटात घातलं. मी हे, आणि बिजागरी मंगळवार पेठेत मोडल्याचं, पत्तारांना थोडक्यात सांगितलं.

“म्हंजे कडं मेक्सिकोचं, घालणारी बाई अमेरिकेची, दिलं सोलापुरात,” ते म्हणाले. “आणि बिजागरी मोडायला मंगळवार पेठच सापडली की त्याला.”

गुरुवारी त्यांनी ते गुलाबी कागदात गुंडाळून, कागदाला हळदकुंकवाचं बोट लावून, दोन्ही हातांनी माझ्या हातात दिलं. बिजागरी इतकी सुरेख बसली होती की नवी कुठली हे मला ओळखता येईना. आणि सगळं कडं लखलखत होतं. ते माझ्या चेहऱ्याकडे बघत होते. मी छान झालंय म्हटलं आणि निघाले.

घरी येऊन खिडकीत बसले तेव्हा काय झालं आहे ते दिसलं. प्रत्येक पत्र्यावर मान मागं वळवलेला एक पक्षी होता. लहानपणी आईच्या मांडीवर बसून मी ते सात पक्षी मोजायची. ते पक्षी काळ्या खोलगट जमिनीवर उभे असायचे. आता पांढऱ्यावर पांढरं झालं होतं. चोच कुठे संपते, पंख कुठे सुरू होतो, काही कळत नव्हतं. कडं हलवलं की नुसता उजेड हलायचा.

आई जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. मी फार हळवी नाही, पण त्या दिवशी स्वयंपाक केला नाही.

पुढचे काही दिवस मी ग्रंथालयातल्या संगणकावर त्या गरुडाचा शोध घेतला. जुनी मेक्सिकन चांदी जमवणारे लोक जगभर आहेत असं दिसलं. त्यांनी टाकलेली छायाचित्रं पाहिली, लिहिलेलं वाचलं. एक सूचना सगळीकडे होती. ही चांदी घासू नका. खोलगट भागातला काळा रंग कारागिरानं मुद्दाम चढवलेला असतो, नक्षी त्याच्यावरच उभी असते, आणि तो एकदा गेला की वस्तूचा जीव गेला.

पुढच्या आठवड्यात शनिवारी मी पत्तारांकडे गेले. का गेले हे तेव्हा मला सांगता आलं नसतं. भांडायला नक्कीच गेले नव्हते. मी फोनवर तसल्याच एका कड्याचं छायाचित्र उघडून त्यांच्यासमोर धरलं आणि जे वाचलं होतं ते सांगितलं. त्यांनी फोन हातात घेतला. दोन बोटांनी चित्र मोठं कसं करायचं ते मी दाखवलं. ते पुष्कळ वेळ बघत राहिले. शेगडीतला कोळसा राख धरून बसला तरी त्यांनी फुंकणी उचलली नाही.

“मी पुसलं,” ते म्हणाले. मग फोन परत देत, “तापवून, तेजाबाच्या पाण्यात टाकून, रिठ्यानं घासून पुसलं. अर्धा दिवस घासत हुतो बाई. जाता जाईना. मला वाटलं, परदेशातला मळ लई चिवट.”

त्यांच्या घरात एक नियम होता. आजोबा मंद्रूपला काम करत तेव्हापासूनचा. गिऱ्हाइकाची चांदी काळी परत द्यायची नाही. नुसता एक डाख लावून सांधा जोडायचा असला तरी वस्तू उजळूनच द्यायची. आमच्याकडे चप्पल बाहेर काढतात तितकं ते त्यांच्या अंगवळणी पडलेलं. कुणी घाईचं गिऱ्हाईक नको म्हणालं तरी ते ऐकायचे नाहीत. काळी चांदी दारातून गेली म्हणजे हात अर्धा राहिला, अशी त्यांची समजूत. जगात कुठे कारागीर आपल्या हातानं चांदी काळी करून विकतो, हे त्यांना कसं सुचावं? बाजारात हल्ली मिळणारे काळे दागिने त्यांनी पाहिले होते, पण ती चांदी नव्हे म्हणून त्यांची गणतीच ते करत नसत.

इथे मला एक गोष्ट लिहायला हवी. मिससाहेबांनी कडं देताना आईला सांगितलं होतं, हे घासू नकोस. आई ते कधी घासत नसे, पदरानं नुसतं टिपायची, आणि मलाही तिनं अनेकदा बजावलं होतं. सोमवारी पत्तारांच्या हातात कडं देताना मला ते आठवलं नाही. शनिवारी त्यांच्यासमोर बसले होते तेव्हा आठवलं. मी काही बोलले नाही.

त्यांनी कडं परत मागून घेतलं. काळं परत आणतो म्हणाले, कधी ते विचारू नका म्हणाले. फक्त आधी तो माणूस कोण होता हे मला कळू द्या, माणूस कळल्याशिवाय आता हात लावणार नाही, अशी त्यांनी अट घातली. इंग्रजी त्यांना येत नव्हतं. वाचायचं काम माझ्याकडे आलं.

अशा रीतीनं आमचे शनिवार सुरू झाले. मी आठवडाभर जे सापडेल ते कागदावर मराठीत उतरवून घ्यायची आणि पायरीवर बसून वाचून दाखवायची. टास्को नावाचं डोंगरातलं गाव, जवळ चांदीच्या खाणी. बाहेरून आलेल्या एका माणसानं तिथे कारखाना काढला, गावातल्या तरुणांना शिकवलं, जुन्या देवळांतल्या मूर्तींवरची नक्षी दागिन्यांत आणली. त्याच्याकडे शिकलेले कारागीर एकेक करून बाहेर पडले, त्यांनी स्वतःचे कारखाने काढले, स्वतःचे शिक्के केले. मला वाटायचं हा इतिहास त्यांना आवडेल. त्यांना दुसरंच काही हवं असायचं. भट्टी कोळशाची होती का? एका ऐरणीवर किती जण? दुपारची भाकरी घरून आणायचे का? मला यांतलं काहीच सांगता येत नसे, आणि ते हताश होऊन म्हणत की लिहिणाऱ्यांना इचारायचं काय तेच कळत न्हाय.

एकदा मी एका जुन्या कारखान्याचं छायाचित्र छापून नेलं. लांबच लांब टेबल, आणि कारागीर ओळीनं त्याला टेकून बसलेले. पत्तारांनी भिंग लावलं आणि हसायलाच लागले.

“खुर्चीवर बसून चांदी करत्यात?” ते म्हणाले. “मग पाय काय करत्यात त्यांचे?”

त्यांचे पाय सतत कामात असत. उजव्या पायाच्या अंगठ्यात तार धरलेली, डाव्या टाचेखाली पत्रा. पायांना काम नसलेला चांदीचा कारागीर ही गोष्ट त्यांना इतकी गमतीची वाटली की बोळातून जाणाऱ्या दोघातिघांना थांबवून त्यांनी ते चित्र दाखवलं.

दुसरा त्यांचा प्रश्न मात्र साधा नव्हता. शिक्क्यातली ती दोन अक्षरं, ते नाव नक्षी काढणाऱ्याचं की ठोकणाऱ्याचं? मी वाचलेलं सांगितलं. बहुतेक ठिकाणी काढणारा वेगळा आणि ठोकणारे वेगळे असत, नाव काढणाऱ्याचं किंवा कारखान्याचं पडे. ते मान हलवत राहिले. मग मी सांगितलं की काढणाऱ्यांमध्ये काही बायकाही होत्या, त्यांचे स्वतःचे कारखाने होते, त्यांच्या नावाचे शिक्के होते. तेव्हा त्यांनी हातातला चिमटा खाली ठेवला आणि विषय बदलला. मला वाटलं त्यांना पटलं नाही.

पुढच्या शनिवारी त्यांनी मला घरी नेलं. होटगी रस्त्याला दोन खोल्यांचं घर. त्यांची बायको शांतव्वा दारात रांगोळी काढत होती. पत्तारांनी पिशवीतून तयार करडगी काढून उंबऱ्यावर ठेवली. करडगीच्या झाकणावरची बेलाची पानं आणि उंबऱ्यावरची बेलाची पानं एकच होती. देठाची तीच लकब, मधल्या पानाचा तोच बाक.

“चाळीस वर्सं मी हिचंच ठोकतोय,” ते म्हणाले. “आतापातुर कुणाला बोललो न्हाय.”

शांतव्वा म्हणाली, “आता तरी कशाला बोलताय? हात धुवा, कडक भाकरी खावा आणि बाईंना पण वाढू द्या.” कारखान्याच्या मालकीणबाई व्हायची तिची काही इच्छा दिसली नाही. पण जेवताना तिनं मला हळूच विचारलं की त्या तिकडच्या बायका रांगोळी काढायच्या का. मी म्हटलं, कागदावर काढायच्या. त्यावर ती म्हणाली की मग सोपं आहे, कागद रोज पुसावा लागत नाही.

कड्याची पाठ पत्तारांनी महिनाभर वाचली. ‘वाचली’ हा माझा शब्द नाही, त्यांचाच. एके दिवशी जाहीर केलं की हा माणूस डावखुरा. छिन्नीचे घाव सगळे उलट्या अंगानं पडले होते. आणखी काही दिवसांनी म्हणाले, बिजागऱ्या करणारा वेगळा, तो म्हातारा, त्याची नजर गेलेली पण हात पक्का. आणि मग चौथा पत्रा. चौथ्या पत्र्याच्या मागं, कडेला, तिळाएवढाही नाही असा बारीक तुकडा जोडलेला त्यांना सापडला. त्यांनी मला भिंग दिलं, पण मला काही दिसेना.

“हितं त्याची छिन्नी आरपार गेली,” ते अगदी हळू, जणू तो डावखुरा बोळात उभा आहे अशा आवाजात म्हणाले. “मालक यायच्या आत ठिगळ लावलं पठ्ठ्यानं. इतकं झ्याक लावलंय की त्याच्या मालकाला कळलं नसंल, मिससाहेबाला न्हाय, तुमच्या आईला न्हाय.” त्या दिवशी ते फार खूश होते. मला दोनदा चहा पाजला.

पक्षी कुठला हे मात्र ठरलं नाही. मला ते कबूतर वाटायचं. लहानपणी चर्चच्या खिडकीत पाहिलेलं कबूतर डोक्यात बसलेलं, दुसरं काय. पत्तार म्हणत कोंबडी आहे, मागून कुणी दाणे टाकले म्हणून वळून बघते. मी कुठेतरी तो लावा पक्षी असेल असं वाचलं होतं. शांतव्वानं पाहिलं आणि म्हणाली, जे काय हाय ते कुणीतरी हाक मारल्यावर बघतंय.

काळा रंग नेमका कोणता होता, ही खरी अडचण होती. चित्रांवर त्यांचा विश्वास नव्हता. माझ्या आठवणीवर तर नव्हताच. शेवटी एका बिजागरीची खीळ त्यांनी काढली तेव्हा तिच्याखाली, जिथे त्यांचा ब्रश पोचला नव्हता, मोहरीएवढं जुनं काळं सापडलं. ते काळं नव्हतंच. वांग्याच्या सालीसारखं होतं, उजेडात धरलं की जरा निळं, जरा तपकिरी. त्यांनी ती जागा मेणानं झाकून ठेवली आणि त्या रंगाच्या मागं लागले.

बाजारातलं काळं करायचं रसायन आणलं, ते काजळ फासल्यासारखं बसलं. कांद्याचा रस लावून पाहिला, काही झालं नाही. मी वाचलं होतं की उकडलेलं अंडं फोडून चांदीबरोबर बंद डब्यात ठेवलं की हळूहळू रंग चढतो. हे मी त्यांना सांगावं की नाही ह्या विचारात एक शनिवार गेला. पत्तार जानवं घालणारे, त्यांच्या घरी अंडं शिजणं सोडा, त्याचं नाव निघत नसे. सांगितल्यावर त्यांनी फुंकणी खाली ठेवली. मग म्हणाले, अंडं तुम्ही आणा, डबा तुमचा, पायरी म्युनिसिपालटीची. मी काय फक्त बघणार.

पुढच्या शनिवारी मी पायरीवर बसून अंडं सोललं, फोडलं, त्यांनी चिमट्यानं लांबून दिलेला चांदीचा तुकडा डब्यात ठेवला आणि झाकण लावलं. पत्तार नाकाला रुमाल लावून आत बसले होते आणि दर पाच मिनिटांनी विचारत होते, “आलं का?” शेजारचा घड्याळजी येऊन म्हणाला, “काय पत्तारमामा, आज ठोकायचं काम सोडून उकडायचं काढलंय का?” पत्तार म्हणाले की बाईंचा डबा हाय, माझा काय संबंध. संध्याकाळपर्यंत तुकड्यावर रंग चढला. उजेडात धरला. वांग्याची साल.

आता तोच रंग अंड्याशिवाय आणायचा होता. त्याला तीन महिने गेले. नान्नजकडच्या एका गिऱ्हाइकानं द्राक्षाच्या बागेवर मारायचा गंधक आणून दिला. तो चुन्याच्या निवळीत उकळायचा, गाळायचा, पातळ करायचा, कोमट असताना ब्रशनं लावायचा. कधी फार चढे, कधी डाग पडत. तुकड्यांची एक रांग त्यांनी फळीवर मांडली होती, प्रत्येकाखाली कागदाची चिठ्ठी, आणि चिठ्ठीवर कानडीत काहीतरी. त्यांच्या मुलाला, शिवानंदला, हे वेड वाटे. त्याचं पुढच्या रस्त्यावर यंत्रावर घडवलेल्या दागिन्यांचं दुकान होतं. तो मला एकदा म्हणाला, “मॅडम, अप्पांनी सहा महिन्यांत एक करडगी पूर्ण केली नाही. तुम्ही तरी सांगा त्यांना.” मी सांगितलं. पत्तार म्हणाले, ह्या कड्याचं पुसलेलं तोंड आधी परत येऊ द्या, मग करडगी.

रंग मिळाला तेव्हा काम सुरू झालं. एका पत्र्यावर द्रव लावायचा, पत्रा सगळाच काळवंडू द्यायचा, मग बारीक राख घेऊन अंगठ्यानं वरचा भाग पुसत जायचा. पक्षी वर येतो, काळं खाली राहतं. किती पुसायचं आणि कुठे थांबायचं, सगळं कसब तिथे. त्यांचा हात तोवर थरथरायला लागला होता, सकाळचा एखादा तास स्थिर असे. म्हणून एका पत्र्याला दोन-दोन आठवडे लागत. पहिला पक्षी परत आला तेव्हा त्यांनी मला आधी पाठ दाखवली, आणि मग पुढची बाजू. मी तो पत्रा उजेडात धरला. आईच्या मांडीवर बसून मोजलेला पहिला पक्षी तोच होता.

असे सहा झाले.

सातव्याच्या वेळी मी गेले तर कडं पुसून, गुलाबी कागदात गुंडाळून तयार होतं. उघडून पाहिलं. सातवा पत्रा तसाच लखलखीत होता. मी विचारलं, हा राहिला का? ते म्हणाले, राहिला न्हाय, ठेवला.

“माझी चूक एका जागी तरी दिसू दे बाई,” ते म्हणाले. “समदं झाकलं तर पुढच्या माणसाला काय कळणार? त्यो पाठ बघंल आणि म्हणंल, हितं काय घडलंच न्हाय.”

मी त्यांना म्हटलं की मला आईचं कडं जसं होतं तसं हवं आहे. पुढचा माणूस कुणी नाही, मला मूल नाही, हे कुणी वाचणार नाही. ते म्हणाले, वस्तू तुमची, तुम्ही म्हणाल तर करतो, पण एकदा विचार करा. मला त्यांच्या त्या ‘माझी चूक’चा राग आला. ती एकट्याची चूक नव्हती हे मला ठाऊक होतं आणि त्यांना नव्हतं. दोन वर्षं ते एकटे ती वाहत होते, आणि आता ती कायमची आईच्या कड्यावर ठेवायला निघाले होते. त्याच वेळी सांगायला हवं होतं. त्याऐवजी मी म्हणाले की तुम्हाला वस्तूपेक्षा स्वतःचं नाव मोठं झालंय. असं मी आयुष्यात कुणाला बोललेले नाही. त्यांनी मान खाली घातली, फुंकणी उचलली आणि शेगडी फुंकायला लागले. मी कडं घेऊन निघून आले.

दोन महिने मी त्या बोळात गेले नाही. शनिवारी ग्रंथालय बंद करून थेट घरी यायची. काय म्हणायचं याची वाक्यं मनात जुळवायची. परीक्षा आल्या, मग उन्हाळा लागला. सोलापूरचं ऊन हे न जाण्यासाठी पुरेसं कारण असतं.

एप्रिलमध्ये शिवानंदचा फोन आला. सकाळी दुकानाला निघताना अप्पा चपला घालायला ओट्यावर बसले, ते उठलेच नाहीत.

तिसऱ्या दिवशी मी भेटायला गेले. घरात बायका होत्या, कानडी आणि मराठी एकत्र चाललेलं होतं. शांतव्वानं मला जवळ बसवून घेतलं. उंबऱ्यावर रांगोळी नव्हती. बायका पांगल्यावर मी तिला सांगितलं. आईनं बजावलं होतं, घासू नकोस म्हणून. मी त्यांना ते सांगितलं नाही, आधी विसरून आणि नंतर मुद्दाम. ते दोन वर्षं स्वतःला दोष देत राहिले.

शांतव्वानं ऐकून घेतलं. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि माझ्याकडे जरा नवलानं पाहिलं.

“सांगितलं असतं तरी घासलंच असतं की त्यांनी,” ती म्हणाली. “काळी चांदी परत दिली असती व्हय? तुमी हात धरला असता तरी दिली नसती. मी बायको हाय, मला ठावं हाय.” मग म्हणाली, “तुमचं त्या दिवशी भांडण झालं ते मला घरी येऊन बोलले. बाई चिडली म्हणाले. लई दिवसांनी कुणीतरी वस्तूसाठी चिडलं माझ्यावर, म्हणाले. जेवले नीट त्या दिवशी.”

मी निघाले तेव्हा शिवानंद दारापर्यंत आला. अप्पांची गंधकाची बाटली अजून आहे, म्हणाला, सातवा पत्रा बुडवून देतो, पाच मिनिटांचं काम आहे. मी त्याला राहू दे म्हटलं. त्याला ते विचित्र वाटलं असावं, पण त्यानं आग्रह केला नाही.

जिन्याखालच्या त्या जागेत आता मोबाइलची कव्हरं मिळतात. बाटली शांतव्वानं ठेवून घेतली आहे. कडं माझ्या मनगटात आहे. सहा पत्र्यांवर पक्षी दिसतो, सातव्यावर दिसत नाही.